बहु-लँडिंग जिना व कठडा यांचे त्रिमितीय मॉडेल : एका ट्रेडचा नियम

सारांश

वास्तुरचनेच्या सॉफ्टवेअरमध्ये जिना काढणे आज काही मिनिटांचे काम झाले आहे. तथापि, दोन किंवा अधिक लँडिंग असलेल्या जिन्याला कठडा बसविताच वळणावळणावर तो तुटलेला किंवा उभी उडी घेतलेला दिसतो. विद्यार्थी हा सॉफ्टवेअरचा दोष मानतात व कठड्याच्या सेटिंगमध्ये उपाय शोधत राहतात. प्रत्यक्षात हा दोष बहुधा जिन्याच्या नकाशात असतो. प्रस्तुत लेखात तीन फ्लाइट व दोन लँडिंग असलेल्या एका जिन्याचे उदाहरण घेऊन या दोषाचे भौमितिक कारण स्पष्ट केले आहे, त्यावरील उपायाला किती जागा लागते याचा हिशेब मांडला आहे आणि अध्यापनाच्या दृष्टीने त्यातून काय निष्पन्न होते याची चर्चा केली आहे.

महत्त्वाचे शब्द : जिना, लँडिंग, कठडा, रायझर, ट्रेड, नोझिंग, त्रिमितीय मॉडेल.

१. प्रस्तावना

इमारतीच्या घटकांपैकी भिंत, खिडकी, दार किंवा छत हे घटक एका पातळीशी किंवा एका प्रतलाशी बांधलेले असतात. जिना मात्र दोन पातळ्यांना जोडतो व त्याच वेळी माणसाच्या पावलाच्या मापाशी बांधलेला असतो. त्यामुळे जिन्याचे मॉडेल ही इतर कोणत्याही घटकापेक्षा अधिक काटेकोर बाब ठरते. कागदावरील नकाशात जिन्याच्या समांतर रेषा व वर जाणारा बाण काढला की काम भागत असे. त्रिमितीय मॉडेलमध्ये तसे भागत नाही, कारण तेथे प्रत्येक पायरीला उंची असते आणि कठड्याचा प्रत्येक तुकडा कोठून कोठे जातो हे सांगावेच लागते.

रेव्हिट हे सॉफ्टवेअर इ.स. २००० मध्ये बाजारात आले व २००२ मध्ये ऑटोडेस्क कंपनीने ते विकत घेतले. त्याच्या २०१३ च्या आवृत्तीपासून जिना हा फ्लाइट, लँडिंग व आधार अशा सुट्या घटकांतून रचण्याची सोय झाली. २०१८ च्या आवृत्तीत एकच जिना अनेक मजल्यांवर पसरविण्याची स्वतंत्र पद्धत आली. आर्किकॅडच्या २१ व्या आवृत्तीत, म्हणजे २०१७ मध्ये, जिना व कठडा यांची साधने नव्याने रचण्यात आली. साधने अशी समृद्ध होत गेली असली तरी त्यांना अभिप्रेत असलेले गणित जुनेच आहे. फ्रेंच वास्तुविशारद फ्रान्स्वा ब्लाँदेल यांनी १६७५ पासून प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात मांडलेले सूत्र, म्हणजे रायझरच्या उंचीची दुप्पट अधिक ट्रेडची रुंदी बरोबर एक पाऊल, आजही सॉफ्टवेअरच्या नियमावलीत वापरले जाते.

२. जिन्याचे अंकगणित

चर्चेसाठी एका महाविद्यालयीन इमारतीतील जिना घेऊ. मजल्याची उंची ३,६०० मिमी आहे. भारतीय मानक ब्युरोच्या राष्ट्रीय इमारत संहितेनुसार निवासी इमारतीत रायझर १९० मिमीपेक्षा अधिक व ट्रेड २५० मिमीपेक्षा कमी नसावा. इतर इमारतींसाठी हीच मर्यादा अनुक्रमे १५० व ३०० मिमी आहे. म्हणून येथे रायझर १५० मिमी व ट्रेड ३०० मिमी धरू. ब्लाँदेलच्या सूत्रानुसार १५० ची दुप्पट अधिक ३०० म्हणजे ६०० मिमी होतात. सर्वसाधारणपणे ६०० ते ६४० मिमी हे माप सोयीचे समजले जाते, तेव्हा निवड योग्य आहे.

३,६०० ला १५० ने भागल्यास २४ रायझर मिळतात. ते तीन फ्लाइटमध्ये समान वाटल्यास प्रत्येकीत आठ येतात. मात्र आठ रायझरच्या फ्लाइटमध्ये ट्रेड सातच असतात, कारण आठव्या रायझरवर चढल्यावर पाय लँडिंगवर किंवा वरच्या मजल्यावर पडतो. म्हणून प्रत्येक फ्लाइटची आडवी लांबी ७ गुणिले ३००, म्हणजे २,१०० मिमी होते. लँडिंगच्या पातळ्या १,२०० व २,४०० मिमी येतात. फ्लाइटची रुंदी १,५०० मिमी व लँडिंग १,५०० मिमी चौरस धरून तिन्ही फ्लाइट एका चौकोनी मोकळ्या जागेभोवती काटकोनात वळविल्या, तर जिन्याच्या खोलीची आतील मापे ५,१०० बाय ३,६०० मिमी येतात. बहुतेक विद्यार्थी येथे थांबतात, खोलीच्या भिंती पक्क्या करतात आणि पुढील कामास लागतात.

३. लँडिंगवर कठडा का तुटतो?

कठडा हा पायऱ्यांच्या नोझिंगला, म्हणजे ट्रेडच्या पुढच्या कडेला, जोडणाऱ्या तिरप्या रेषेला समांतर जातो. त्याची उंची या रेषेपासून उभी मोजतात. येथे ती १,००० मिमी धरू आणि तूर्त कठडा मधल्या मोकळ्या जागेच्या अगदी कडेवर आहे असे मानू.

खालची फ्लाइट लँडिंगपाशी पोहोचते तेव्हा तिचे शेवटचे नोझिंग म्हणजे लँडिंगचीच कड होय. तेथे कठडा लँडिंगपासून १,००० मिमी उंच असतो. वरची फ्लाइट त्याच आतील कोपऱ्यापासून सुरू होत असेल, तर तिचे पहिले नोझिंग लँडिंगपेक्षा एका रायझरने, म्हणजे १५० मिमीने, उंच असते. त्यामुळे तिचा कठडा त्याच बिंदूवर लँडिंगपासून १,१५० मिमी उंच सुरू होतो. नकाशात दोन्ही कठडे एका बिंदूत मिळतात, पण अवकाशात त्यांच्यात १५० मिमीचे उभे अंतर राहते. सॉफ्टवेअर हे अंतर कधी उभ्या तुकड्याने भरते, कधी मोकळे सोडते. दोन्ही वेळा ते दिलेल्या नकाशाचेच प्रामाणिक चित्र काढत असते.

यावरील उपाय नोझिंगच्या रेषेतच दडलेला आहे. फ्लाइटवर एक रायझर चढण्यासाठी कठड्याला एक ट्रेड एवढे आडवे अंतर लागते. लँडिंगच्या कडेपासून पुढील फ्लाइटच्या पहिल्या नोझिंगपर्यंतचा चढही एक रायझरच आहे. तेव्हा कठड्याने आपला उतार न बदलता तेथवर पोहोचावे असे वाटत असेल, तर कठड्याच्या उताराच्या रेषेवर मोजलेले हे अंतरही एक ट्रेडच हवे. यास सोयीसाठी ‘एका ट्रेडचा नियम’ म्हणता येईल.

अंतर एका ट्रेडपेक्षा अधिक असेल तर अडचण नाही. जेवढे अधिक, तेवढा कठडा लँडिंगवर सपाट जाईल. अंतर कमी असेल तर मात्र जेवढी तूट, तिच्या प्रमाणात उडी येते. तूट पूर्ण ३०० मिमी असल्यास उडी १५० मिमी, २०० असल्यास १०० मिमी. बाहेरच्या भिंतीवरील हँडरेलला हा प्रश्न पडत नाही. ती लँडिंगच्या दोन बाजूंनी फिरून येते व तिला तीन मीटर अंतर मिळते. प्रश्न नेहमी आतील कोपऱ्याचा असतो.

४. उपायाची किंमत

हे अंतर मिळवायचे तर फ्लाइट कोपऱ्यापासून मागे सरकवावी लागते. उदाहरणातील जिन्यासाठी तीन पर्याय पुढीलप्रमाणे दिसतात.

(अ) दोन्ही रायझर कोपऱ्यावर : खोली ५,१०० बाय ३,६०० मिमी, क्षेत्रफळ १८.३६ चौ.मी.; प्रत्येक वळणावर १५० मिमीची उडी.

(आ) प्रत्येक लँडिंगनंतरची फ्लाइट एक पूर्ण ट्रेड पुढे नेलेली : खोली ५,४०० बाय ३,९०० मिमी, क्षेत्रफळ २१.०६ चौ.मी.; उडी नाही; कोपऱ्यावर कठडा लँडिंगपासून १,००० मिमी उंच.

(इ) कोपऱ्याच्या दोन्ही बाजूंच्या फ्लाइट अर्धा ट्रेड, म्हणजे १५० मिमी, सरकविलेल्या : खोली ५,४०० बाय ३,७५० मिमी, क्षेत्रफळ २०.२५ चौ.मी.; उडी नाही; कोपऱ्यावर कठडा १,०७५ मिमी उंच.

तिसऱ्या पर्यायात खालचा कठडा लँडिंगवर अर्धा ट्रेड चढतच येतो व वरचा अर्धा ट्रेड आधीपासून चढू लागतो, म्हणून कोपऱ्यावर दोहोंची उंची अर्ध्या रायझरने वाढून समान होते. अखंड कठड्यासाठी (अ) पेक्षा येथे १.८९ चौ.मी. जागा अधिक लागते. (आ) पेक्षा मात्र ०.८१ चौ.मी. कमी. प्रत्येक मजल्यावर ही जागा द्यावी लागते. ती द्यावी की न द्यावी हा रचनाकाराचा निर्णय आहे. पण तो निर्णय खोलीच्या भिंती ठरण्यापूर्वीच घेता येतो. कठडा शेवटी काढावयाचा ही सवय या ठिकाणी महाग पडते.

कठड्याची नेमकी जागा या हिशेबात आणखी एक बदल घडविते. कठडा कडेवर नसून पायरीवर कडेपासून ५० मिमी आत बसविला, तर त्याचा कोपरा लँडिंगवर दोन्ही दिशांनी ५० मिमी आत जातो. कठड्याला १०० मिमी अंतर आपोआप मिळते व फ्लाइट प्रत्येकी १०० मिमीच सरकवाव्या लागतात. खोली ५,३०० बाय ३,७०० मिमी होते. याउलट कठडा मोकळ्या जागेच्या बाजूने, पायऱ्यांच्या कडेला बाहेरून ५० मिमी अंतरावर जडविला, तर फ्लाइट प्रत्येकी २०० मिमी सरकवाव्या लागतात व खोली ५,५०० बाय ३,८०० मिमी होते. म्हणजे कठड्याचा ऑफसेट हा वरवर किरकोळ दिसणारा आकडा खोलीचे माप ठरवितो.

शेजारी शेजारी दोन फ्लाइट असलेल्या डॉग-लेग्ड जिन्यालाही हाच नियम लागू पडतो. तेथे कठडा मधली फट सपाट ओलांडतो, म्हणून ते अंतर हिशेबात धरू नये. दोन्ही फ्लाइटचे रायझर एका रेषेत ठेवले, तर कठड्याला लँडिंगवर अर्धा ट्रेड पुढे जाऊन वळावे लागते व लँडिंगची उपयुक्त खोली तेवढी घटते. वरची फ्लाइट एक ट्रेड मागे घेतली, तर कठडा लँडिंगच्या कडेवरच वळतो. दोन्ही फ्लाइटचे उतार व स्लॅबच्या जाड्या समान असल्यास त्यांच्या तळाच्या रेषाही मग लँडिंगच्या कडेच्या उभ्या प्रतलातच एकमेकींना मिळतात.

५. सॉफ्टवेअरमधील घटक व त्यांची कामे

रेव्हिटमध्ये जिन्याचा प्रारंभ खालच्या व वरच्या पातळीने होतो. अपेक्षित रायझरची संख्या दिली की प्रत्यक्ष रायझरची उंची सॉफ्टवेअर स्वतः काढते. रायझरची कमाल व ट्रेडची किमान मर्यादा जिन्याच्या प्रकारात नोंदविलेली असते. फ्लाइट काढताना किती रायझर झाले व किती उरले हे पडद्यावर दिसते. दोन फ्लाइटमध्ये अंतर सोडून काढल्यास लँडिंग आपोआप तयार होते. वर सांगितलेले १०० किंवा १५० मिमीचे अंतर याच टप्प्यावर, फ्लाइटची जागा ठरविताना, द्यावयाचे असते. त्यासाठी कोपऱ्यापासून संदर्भरेषा आधी काढून ठेवणे सोयीचे ठरते.

कठडा हा जिन्याचा भाग नसून जिन्यावर आश्रित असा स्वतंत्र घटक आहे. त्याची नकाशातील वाट रेखाटावी लागते आणि उंची तो आपल्या आश्रयाकडून, म्हणजे फ्लाइट व लँडिंगकडून, घेतो. वाटेच्या प्रत्येक तुकड्याचा उतार आश्रयाप्रमाणे, सपाट किंवा तिरपा ठेवता येतो. येथे एक सूक्ष्म गोष्ट लक्षात ठेवावी लागते. लँडिंगवरचा तुकडा आश्रयाप्रमाणे सोडला तर तो सपाट होतो व अर्धा ट्रेड चढत येण्याची योजना निष्फळ ठरते. म्हणून (इ) या पर्यायात लँडिंगवरील तुकडे स्वतंत्र तोडून त्यांचा उतार तिरपा करावा लागतो.

कोन करून मिळणाऱ्या तुकड्यांसाठी उभे व आडवे जोड भरावेत की काहीच भरू नये, हेही प्रकाराच्या गुणधर्मांत ठरते. लँडिंगवरील कठड्याची उंची ठरावीक मापाने वाढविण्याची सोयही आहे. या सोयी उपयुक्त आहेत; परंतु त्या नकाशातील तूट भरून काढीत नाहीत, केवळ तिचे स्वरूप बदलतात. उभा जोड पडद्यावर नीटनेटका दिसतो. जिना चढणाऱ्या वृद्धाचा हात मात्र त्या जागी सुटतो, आणि दृष्टी अधू असलेल्या व्यक्तीला वळणाची सूचना देणारी रेषा नेमकी वळणावरच खंडित होते.

उभ्या गजांची मांडणी हा पुढचा भाग. प्रत्येक ट्रेडवर ठरावीक गज बसविण्याचा पर्याय निवडल्यास फ्लाइटवर मांडणी पायऱ्यांशी जुळते. ३०० मिमीच्या ट्रेडवर तीन गज घेतल्यास केंद्रांतर १०० मिमी होते व गज १६ मिमी व्यासाचा असल्यास मोकळी फट ८४ मिमी राहते. लहान मुले वावरतात अशा इमारतींत ब्रिटनच्या नियमांनुसार १०० मिमी व्यासाचा गोल कठड्यातून आरपार जाता कामा नये. त्या कसोटीला ही फट उतरते. लँडिंगवर मात्र ट्रेड नसतात. तेथील मांडणी वेगळ्या नियमाने चालते व ती प्रत्येक तुकड्याच्या शेवटी तोडावी, ठरावीक कोनावर तोडावी की अखंड ठेवावी हे सांगावे लागते. कोपऱ्यावरील फट येथेच वाढते, म्हणून तेथे खांब देऊन फट मोजून पाहावी.

मॉडेल दुसऱ्या सॉफ्टवेअरला देताना आयएफसी या खुल्या स्वरूपात, ज्यास आयएसओ १६७३९ हे मानक लागू आहे, जिना हा फ्लाइट, लँडिंग व कठडा यांचा समूह म्हणून नोंदला जातो. त्यात लँडिंग हे स्लॅबच्या वर्गात मोडते. त्यामुळे काँक्रीटचे परिमाण काढताना लँडिंग जिन्यातही व स्लॅबमध्येही मोजले जाण्याचा धोका असतो. अंदाजपत्रक शिकविणाऱ्या प्राध्यापकांनी ही बाब अवश्य निदर्शनास आणावी.

६. छेदात तपासावयाच्या बाबी

एक जिना अनेक मजल्यांवर पसरविला की नकाशातील चूकही तितक्याच मजल्यांवर पसरते. म्हणून ही पायरी छेद तपासल्यानंतरच घ्यावी. त्यात दोन बाबी विशेष महत्त्वाच्या आहेत.

पहिली डोक्यावरील मोकळ्या उंचीची. संहितेनुसार लँडिंगखालून जाण्याच्या वाटेवर किमान २.२ मीटर मोकळी उंची हवी. उदाहरणात दुसरे लँडिंग २,४०० मिमीवर आहे. स्लॅब १५० मिमी जाडीचा असल्यास खाली २,२५० मिमी उरतात व अट जेमतेम पूर्ण होते. त्याच लँडिंगला एकूण ३०० मिमी खोलीची तुळई दिली तर २,१०० मिमीच उरतात. नकाशात हा फरक दिसत नाही, छेदात तत्काळ दिसतो.

दुसरी बाब फरशीच्या जाडीची. मजल्यावरील फरशी मसाल्यासह ५० मिमी व पायरीवरील फरशी ४० मिमी असेल, तर सर्व तयार रायझर १५० मिमी येण्यासाठी काँक्रीटचा पहिला रायझर १६० व शेवटचा १४० मिमी ठेवावा लागतो. मॉडेलमधील पातळी काँक्रीटची आहे की तयार फरशीची, हे स्पष्ट नसल्यास सेंट्रिंग सरसकट १५० मिमीने बांधले जाते आणि फरशी बसल्यावर पहिली पायरी १४० व शेवटची १६० मिमीची होते. चढणाऱ्याचे पाऊल एका लयीत पडत असते. तिथे २० मिमीचा फरक ठेच लागण्यास पुरेसा असतो.

याखेरीज, वरच्या मजल्यावर मधल्या मोकळ्या जागेची जी कड उघडी राहते तिचा कठडा जिन्याच्या कठड्यात धरलेला नसतो. तो स्वतंत्रपणे काढून जिन्याच्या कठड्याशी जोडावा लागतो. या कठड्यापासून पुढची फ्लाइट सुरू होत असेल, तर त्या सांध्यालाही एका ट्रेडचा नियम लागू होतो.

७. अध्यापनविषयक विचार

सॉफ्टवेअर शिकविताना आज्ञांचा क्रम शिकविला जातो. जिन्याचा क्रम मात्र वेगळा आहे. कठडा शेवटी बांधला जातो, पण त्याचा विचार आधी करावा लागतो. विद्यार्थ्यांना हे पटवून देण्यासाठी कागदाची एक साधी पट्टी पुरेशी आहे. जिन्याच्या आतील कडेचा उलगडलेला छेद, म्हणजे तिन्ही फ्लाइट व दोन्ही लँडिंग एका सरळ रेषेत, त्या पट्टीवर प्रमाणात काढावयाचा. नोझिंगना जोडणारी रेषा त्यावर आखावयाची. दोन फ्लाइटमधील अंतर एक ट्रेड असेल तर ती रेषा पहिल्या पायरीपासून शेवटच्या पायरीपर्यंत एकच सरळ रेषा होते. नसेल तर लँडिंगपाशी ती कशी मोडते हे डोळ्यांना दिसते. नंतर पट्टी कोपऱ्यांवर दुमडली की हाती जिन्याचा छोटा नमुना येतो. एका तासिकेत होणारा हा प्रयोग विद्यार्थ्याला संगणकासमोर अनेक तास चाचपडण्यापासून वाचवितो.

मूल्यमापनातही बदल आवश्यक आहे. रंगविलेल्या त्रिमितीय दृश्याला गुण देण्याऐवजी प्रत्येक वळणाचा छेद, कोपऱ्यावरील कठड्याची उंची व रायझरचा तक्ता मागितला, तर विद्यार्थ्याने जिना समजून घेतला आहे की केवळ सॉफ्टवेअरने दिलेले चित्र स्वीकारले आहे, हे स्पष्ट होते. सुंदर दृश्यात उभी उडी एखाद्या खांबामागे सहज लपते. कार्यस्थळी ती लपत नाही; तेथे लोहाराला ऐन वेळी नळी कापून व वेल्डिंग करून मार्ग काढावा लागतो.

८. निष्कर्ष

१. लँडिंगवर कठड्याची उडी हा बहुधा सॉफ्टवेअरचा दोष नसून खालच्या फ्लाइटचा शेवटचा व वरच्या फ्लाइटचा पहिला रायझर यांच्यात कठड्याला पुरेसे अंतर न मिळाल्याचा परिणाम आहे.

२. उताराच्या रेषेवर हे अंतर एक ट्रेड असल्यास कठडा अखंड जातो. अधिक असल्यास सपाट भाग येतो. कमी असल्यास तुटीच्या प्रमाणात उडी येते.

३. हे अंतर दोन्ही फ्लाइटमध्ये निम्मे निम्मे वाटल्यास जागा कमी लागते. कठड्याचा ऑफसेट आधी ठरविल्यास हिशेब अधिक नेमका होतो.

४. मोकळी उंची व फरशीची जाडी छेदात तपासल्याशिवाय जिना अनेक मजल्यांवर पसरवू नये.

५. अभ्यासक्रमात उलगडलेला छेद हाताने काढण्याचा सराव सॉफ्टवेअरच्या आधी ठेवावा. सॉफ्टवेअर दिलेल्या मापांशी प्रामाणिक राहते. ती मापे योग्य निवडण्याची जबाबदारी रचनाकाराची व ती निवडण्याची दृष्टी देण्याची जबाबदारी अध्यापकाची आहे.